एका वहीला मिळालेली दाद

माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. पहाटेचा अंधार, चिमणीचा उजेड, जात्याची घरघर आणि त्यात तिचा जरासा चिरका आवाज. काही ओव्या तिच्या आईकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. स्वतःच्या म्हणजे त्यात आम्हा नातवंडांची नावं असायची, गोठ्यातल्या गाईचं नाव असायचं, त्या वर्षी पाऊस कसा झाला तेही असायचं. आम्ही गोधडीत तोंड खुपसून झोपून राहायचो. आजी गेली तेव्हा तेराव्याला जमलेल्या बायका तिच्या पुरणपोळीबद्दल बोलल्या, लोणच्याच्या हाताबद्दल बोलल्या. मग कुणीतरी म्हणालं, तिची एखादी ओवी म्हणा गं. एकीलाही पुरती आठवेना. मला आठवली ती दीड ओळ.

तेव्हापासून ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक हातात घेतलं की मला आधी कविता दिसत नाही. मला दिसते एक वही, आणि ती वही लिहिणारा मुलगा.

मैत्रिणींनो, बहिणाबाई चौधरी हे नाव तुमच्यापैकी कुणालाच नवीन नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांची एखादी तरी कविता आपण पाठ केली आहे. रेडिओवर त्यांची गाणी ऐकत पोळ्या लाटल्या आहेत. (तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई त्या वेगळ्या, सतराव्या शतकातल्या. पुष्कळ जणींची गल्लत होते म्हणून सांगितलं.) पण जळगावच्या या बहिणाबाई हयात होत्या तोवर त्यांचं एकही पुस्तक निघालं नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग ही गाणी तुमच्या-माझ्यापर्यंत आली कशी? ती हकिगत आज सांगायची आहे.

जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरात १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. नागपंचमीचा जन्म, असं सांगतात. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. भरलेलं शेतकऱ्याचं घर. पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली होती खरी, पण असोद्याच्या शेतकऱ्याच्या लेकीपर्यंत पाटी-पेन्सिल पोचायला अजून फार अवकाश होता. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्या शिकल्या ते शेतात, ओसरीवर, देवळातल्या कीर्तनात आणि आयाबायांच्या बोलण्यातून.

तेराव्या वर्षी लग्न झालं. जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरात त्या आल्या. मोठं खटलं, खंडीभर कामं. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी, मळणी, उफणणी. घरी आल्यावर चूल, पाणी, घरोट. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांचा दिवस जसा जायचा तसाच बहिणाबाईंचाही जायचा. वेगळेपण एवढंच की हात कामात असताना त्यांच्या ओठावर शब्द यायचे, आणि ते त्यांचे स्वतःचे असायचे.

त्यांच्या गाण्यांचे विषय बघा. पेरणी, उफणणी, मोट, घरोट, माहेराची वाट, पंढरीची दिंडी, संत मुक्ताई. बाईच्या पायाखालून रोज जी वाट जाते, त्या वाटेवरचंच सगळं. भाषाही घरातलीच, खानदेशातली लेवा गणबोली. तिला शहरातले लोक तेव्हा गावंढळ म्हणून नाक मुरडत असतील, तर आश्चर्य नको.

आणि मला फार आवडतं ते हे, की या बाईला स्वतःला दाद देता येत होती. सुगरण पक्ष्याचं घरटं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. विहिरीवर वाकलेल्या फांदीला लोंबणारा तो खोपा. आपण म्हणतो, बघा कसं छान केलंय, आणि पुढे जातो. बहिणाबाई तिथे थांबल्या. ना हात, ना बोटं, फक्त एवढीशी चोच, आणि त्यातून पिलांसाठी हे विणकाम, हे त्यांनी नीट पाहिलं आणि त्याचं गाणं केलं. एका कारागिरीण बाईनं दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद आहे. त्यात कुठे उगाच गोडवा नाही. काय चांगलं आहे आणि ते कशामुळे अवघड आहे, हे त्यात नेमकं सांगितलेलं आहे. मातीतून वर येणाऱ्या कोंबालाही त्यांनी अशीच दाद दिली. स्वतःच्या शब्दांचं श्रेय मात्र त्यांनी सरस्वतीला देऊन टाकलं. ती शिकवते, मी बोलते, अशी त्यांची समजूत होती.

पुढे तिशीत त्यांचं कपाळ उघडं पडलं. नथुजी गेले. पदरात तीन मुलं, ओंकार, सोपान आणि काशी. खानदेशात त्या काळात प्लेगनं कहर केला होता. थोरल्या ओंकारला प्लेगनं गाठलं आणि कायमचं अपंगत्व देऊन गेला. विधवा बाई, एकत्र कुटुंब, शेती आणि हे दुःख. त्या काळी अशा बाईला समाज काय वागणूक द्यायचा ते मी तुम्हाला सांगायला नको. बहिणाबाईंच्या गाण्यात हे सगळं येतं, पण रडगाणं होऊन येत नाही. ज्योतिषानं दारात येऊ नये, माझं नशीब मला कळलं आहे, असं त्या ठणकावतात. कुंकू गेलं तरी अंगावरचं गोंदण आणि हातातलं कर्तृत्व आपलंच आहे, अशी मनाची समजूत घालतात. मनावरची त्यांची गाणी वाचली तर कळतं, की या बाईनं स्वतःचं मन किती वेळा हाकून परत आणलं असेल.

पण ही गाणी ऐकत कोण होतं? शेतातल्या बायका ऐकत असतील. शेजारीपाजारी ऐकत असतील. म्हणत असतील, बहिणाबाई छान म्हणते हो. आणि मग पुन्हा कापूस वेचायला लागत असतील. त्यांचा काही दोष नाही. आम्हीही तेच केलं, गोधडीत तोंड खुपसून.

वेगळं वागला तो मुलगा, सोपान. १९०७ सालचा त्याचा जन्म, म्हणजे वडील गेले तेव्हा तो अगदी लहान होता. तो शाळेत जाऊ लागला आणि चौधरींच्या घरात पुस्तक आलं. एक गोष्ट सांगतात. सोपाननं शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. आईनं कामं करता करता ती ऐकली. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या तोंडी सावित्रीचं गाणं तयार होतं. मुलगा थक्क झाला. त्यानं कागद घेतला आणि ते गाणं उतरवून घेतलं.

मला वाटतं, मराठी कवितेत जे काही मोठे क्षण आले असतील, त्यातला हा एक आहे. समोर सभा नाही, टाळ्या नाहीत, हार-तुरे नाहीत. जळगावच्या एका घरात एक शाळकरी मुलगा आईला सांगतो आहे की थांब, सावकाश म्हण, मला लिहू दे. विचार करा, त्या बाईला काय वाटलं असेल. जन्मात कुणी तिला असं थांबवलं नसेल. थांबवलं असेल ते उशीर झाला म्हणून, काहीतरी राहिलं म्हणून, चुकलं म्हणून. इथे तिच्या तोंडचा शब्द हरवू नये म्हणून कुणी तिला थांबायला सांगत होतं. आणि ज्याला अक्षर येत होतं तो तिच्यासारख्या निरक्षर बाईच्या शब्दांना अक्षराच्या मानाला बसवत होता.

तोंडानं छान म्हणणं सोपं असतं. ते म्हणायला पैसे पडत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण परत म्हण, मला ते ठेवायचं आहे, असं म्हणायला स्वतःचा वेळ द्यावा लागतो. खरी दाद तिथे ओळखू येते.

सोपानदेव एकटेच नव्हते. त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही बहिणाबाईंची गाणी टिपून घेतली. शेतातून येताना, कामात असताना, जशी सुचली तशी, जेव्हा सापडली तेव्हा. रोज काही कुणी कागद घेऊन बाईच्या मागे हिंडत नव्हतं. त्यामुळे कितीतरी गाणी निसटलीच. घरोटाच्या पिठाबरोबर, वाऱ्यावरच्या भुशाबरोबर उडून गेली. आज आपल्या हातात आहे ती वहीत सापडलेली तेवढीच.

सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. त्यांची पुस्तकं निघाली, मैफली झाल्या. आई मात्र जळगावात तिच्या कामातच होती. तिच्या गाण्यांत एक गाणं छापखान्यावरचंही आहे. कोऱ्या कागदावर अक्षरं उमटवणारं ते यंत्र पाहून तिला नवल वाटलं, आणि त्यातून माणसाविषयी तिला जे सुचलं ते तिनं सांगितलं. ज्या छापखान्याचं तिनं गाणं केलं, तसल्याच छापखान्यातून एक दिवस आपली गाणी निघतील, हे तिच्या स्वप्नातही नसेल.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंनी डोळे मिटले. वय एकाहत्तर. गावानं एका कष्टाळू, शहाण्या म्हातारीला निरोप दिला. महाराष्ट्राला काहीच कळलं नाही. कळायचं कसं? वही घरात होती.

आता या गोष्टीत दुसरा माणूस येतो. आचार्य अत्रे.

अत्र्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, म्हणजे पुढचं नीट कळेल. सासवडच्या या माणसानं आधी शिक्षकी केली. मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. नाटकं लिहिली, सिनेमे काढले, वृत्तपत्रं चालवली, सभा गाजवल्या. आणि तरुणपणी, १९२५ साली, केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहून त्या वेळच्या भल्याभल्या कवींची यथेच्छ टर उडवली. कवितेत उसनं काय आहे, नटवं काय आहे, हे त्यांना वासावरून कळायचं. एखादी गोष्ट पटली नाही तर तोंडावर सांगायला ते कचरत नसत. सौम्य बोलणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. अशा माणसापुढे आईच्या बोलीभाषेतल्या गाण्यांची वही ठेवायची, म्हणजे काय धाडस आहे बघा.

सोपानदेवांना ती वही दाखवायला संकोच वाटला, यात मला काही नवल वाटत नाही. एक तर आईच्या गाण्यांची तारीफ मुलानं कशी करायची? लोक म्हणतील, आपलं ते बाळ्या तसं आपली ती आई. दुसरं, ती बोली. पुण्या-मुंबईच्या साहित्यात तेव्हा शुद्ध भाषेचा केवढा दबदबा. त्या गर्दीत आपल्या आईचे शब्द कुणाच्या हसण्यावारी गेले तर? ज्या मुलानं ते शब्द लहानपणापासून जपले, त्याला ते हसू सोसलं नसतं. आपणही नाही का, सासरच्या मोठ्या कार्यात आपल्या आईनं दिलेला पदार्थ डब्यात झाकूनच ठेवतो, कुणी नावं ठेवू नयेत म्हणून? आईच्या हाताची आपल्याला खात्री असते. धीर होत नाही तो लोकांपुढे ठेवायचा.

पण शेवटी सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली.

अत्र्यांनी वाचलं आणि ते चकितच झाले. हे बावनकशी सोनं आहे, आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांच्या त्या बोलण्याची आठवण आजही काढली जाते.

त्या बोलण्यातल्या दुसऱ्या भागाकडे मी तुमचं लक्ष वेधते. सोनं आहे, हे झालं कौतुक. लपवून ठेवणं गुन्हा आहे, ही झाली जबाबदारी. कौतुक करून अत्रे मोकळे झाले नाहीत. १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर वर्षाच्या आतबाहेरच, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं, आणि त्याला अत्र्यांनी भरभरून प्रस्तावना लिहिली. आपलं वजन, आपलं नाव, आपली लेखणी त्यांनी एका अनोळखी, निरक्षर, दिवंगत शेतकरी बाईच्या पाठीशी उभी केली. तिच्याकडून त्यांना काहीएक मिळणार नव्हतं. ती आभार मानायलाही उरली नव्हती. ज्या दादेत देणाऱ्याचा काही फायदा नसतो, तिच्या खरेपणाबद्दल शंका कशी घ्यायची?

आणि त्या दादेची ताकद बघा. खानदेशची बोली, जिच्याबद्दल संकोच होता, तीच मराठीचं भूषण झाली. १९६१ साली ‘मानिनी’ हा मराठी चित्रपट आला. त्यात वसंत पवारांच्या चालीवर सुमन कल्याणपूर यांनी बहिणाबाईंची गाणी म्हटली, आणि ज्या घरात पुस्तक जाण्याची शक्यता नव्हती तिथेही ती पोचली. मग शाळेची पुस्तकं आली. पिढ्यान् पिढ्यांनी त्या कविता घोकल्या. दुसऱ्या भाषांत अनुवाद झाले. पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. जी बाई एक दिवसही शाळेत गेली नाही, तिचं नाव आता हजारो मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर छापून येतं. वाचताना मला दर वेळी गंमत वाटते आणि डोळ्यात पाणीही येतं.

पण मनात एक सल राहतोच. हे सगळं बहिणाबाईंना पाहायला मिळालं नाही. अत्र्यांचं ते बोलणं त्यांच्या कानावर पडलं नाही. फक्त काही महिन्यांचा फरक. वही थोडी आधी बाहेर आली असती तर? एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईला कुणी सांगितलं असतं की तुझी गाणी पुस्तकात आली, तर ती काय म्हणाली असती? कदाचित हसली असती आणि सरस्वतीकडे बोट दाखवून कामाला लागली असती. तरी पण ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला वाटत राहतं. आपल्याकडे चांगलं बोलायला आपण फार थांबतो. माणूस समोर असताना आपल्याला वाटतं, शेफारेल. सुनेचं कौतुक केलं तर डोक्यावर बसेल, मुलीचं केलं तर अभ्यास सोडेल, जावेचं केलं तर आपली पायरी खाली जाईल. मग तेराव्याला सगळ्यांना एकदम तिचे गुण आठवतात.

तरी बहिणाबाईंना दाद मिळालीच नाही असं मी म्हणणार नाही. जगाची नाही मिळाली, पण लेकाची मिळाली. तो कागद घेऊन बसायचा तेव्हा मिळाली. त्या गात होत्या ते कुणाच्या दादेसाठी नव्हे, हेही खरं. दाद नसती तरी त्या गायल्याच असत्या, सुगरण पक्षी विणतो तशा. गाणं त्यांचं होतं. पण ते गाणं टिकलं, ते कुणीतरी कान दिला, कुणीतरी हात दिला म्हणून. गाणारीच्या हातात गाणं असतं, टिकणं ऐकणाऱ्याच्या हातात असतं.

आपल्याकडे किती बायका अशा गायल्या असतील? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. एक लाख! कुणी नुसतं विचारायला आलं, बसून ऐकलं, तर एवढं धन निघालं. साने गुरुजींनीही त्यांच्या काळात बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं होतं. या लोकांनी बायांना बक्षिसं दिली नाहीत. तू म्हणतेस ते मोलाचं आहे, एवढं पटवून दिलं. बऱ्याच जणींना आधी खरंच वाटलं नसेल. आमचं काय ऐकता हो, असं म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला असेल. आणि मग गायल्या असतील.

आता गावोगावी पिठाच्या गिरण्या आहेत, घरोघरी मिक्सर आहेत. जातं कुणाच्या परसात उलटं पडलेलं दिसतं, नाहीतर लग्नातल्या हळदीपुरतं बाहेर येतं. ओव्या जवळपास गेल्या. पण गुण काही गेलेले नाहीत. कुणाची आई वाकळ शिवते, तिच्या टाक्यांना तोड नसते. कुणाची सासू बाळंतिणीला धीर देताना असं बोलते की डॉक्टरीण बाईंनीही ऐकत राहावं. कुणाची जाऊ गोष्ट सांगायला लागली की पोरं जेवण विसरतात. कुणाची लेक वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिते आणि आपण आलो की पान मिटते. या सगळ्या आपल्या घरातल्याच आहेत. त्यांच्या कामावर आपण रोज जेवतो, झोपतो, हसतो. आणि छान आहे हं, एवढं म्हणून पुढे जातो. पुष्कळदा तेही म्हणत नाही.

सोपानदेवांकडे एक वही आणि पेन्सिल होती. आज आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात मोबाईल आहे. त्यात आवाज साठवता येतो, एवढं साधं आपल्याला सुचत नाही. सुचलं तरी वाटतं, नंतर बघू. आणि नंतर येतं ते तेरावं.

सगळ्याच काही बहिणाबाई नसतात, हे मला कळतं. सगळ्यांची वही अत्र्यांपर्यंत जाणार नाही. जायला हवी असंही नाही. पण घरातल्या एका माणसानं खरोखर ऐकलं, नेमकं काय आवडलं ते सांगितलं, तर त्या बाईचा तो दिवस तरी वेगळा जातो. आणि कधी कधी तो एक दिवस तिला पुढची वीस वर्षं पुरतो. मला स्वतःला शाळेत एका बाईंनी निबंधाखाली लाल शाईनं दोन ओळी लिहून दिल्या होत्या. कुठलं वाक्य चांगलं उतरलं, ते खूण करून सांगितलं होतं. ती वही माझ्या ट्रंकेत अजून आहे. आज इथे लिहिते आहे ती त्या दोन ओळींच्या बळावर, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

जळगावला कधी गेलात, तर जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या स्मृती जपलेल्या आहेत. आठवणीनं जाऊन या. माझी एकच विनंती आहे. त्या बाईला नमस्कार कराल तेव्हा कागद घेऊन तिच्यापुढे बसलेल्या त्या पोरालाही एक नमस्कार करा.

माझ्या आजीची ती दीड ओळ मी परवा लिहून काढली. उरलेली ओळ आता कुणालाच येत नाही. म्हणून गेल्या रविवारी आईकडे गेले तेव्हा चहा झाल्यावर तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, तू लहान असताना म्हणायचीस ती हादग्याची गाणी म्हण. ती म्हणाली, आता कुठे गं, आवाज फाटला माझा. मी म्हटलं, फाटू दे. तिनं जरा इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि म्हणायला लागली. मध्येच अडली. मी म्हटलं, परत म्हण, सावकाश.

तिनं परत म्हटलं. मी लिहून घेतलं.